उजनी किती टक्के?

सकाळचा पेपर आला की आई पहिलं पान न बघता थेट मधलं पान उघडते. तिथे खाली एका चौकटीत धरणांचे आकडे असतात. पुण्यात येऊन तिला चव्वेचाळीस वर्षं झाली. आमच्या नळाला येतं ते खडकवासल्याचं पाणी. पण खडकवासला, पानशेत, वरसगाव हे सगळं ओलांडून तिचं बोट जाऊन थांबतं ते भीमेवरच्या उजनी धरणावर. पावसाळ्यात आकडा चढत जातो, थंडीत रेंगाळतो आणि उन्हाळ्यात घसरत घसरत शून्याच्याही खाली जातो.

धरणातलं पाणी शून्याच्या खाली कसं जातं, हे मला लहानपणी कळायचं नाही. उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी मावतं. त्यातलं निम्म्याहून जास्त, सुमारे ६३ टीएमसी, हा मृतसाठा, म्हणजे तळाशी राखलेलं पाणी. त्याच्या वरचं पाणी संपलं की धरण शून्यावर आलं म्हणतात. त्यानंतर उपसलं जातं ते मृतसाठ्यातलं, म्हणून आकड्यामागे उण्याची खूण येते. भीमाकाठची माणसं सरळ ‘धरण मायनसमध्ये गेलं’ म्हणतात, आणि ते म्हणताना आवाज आपोआप खाली येतो.

२०२४ चा उन्हाळा तसाच होता. जानेवारीतच धरण शून्यावर आलं आणि मे उजाडता उजाडता उणे पन्नासच्या आसपास पोचलं. एका सकाळी आईने पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि म्हणाली, “पळसदेवचं देऊळ उघडं पडलंय म्हणे. मला एकदा बघायचंय.”

आईचं माहेर म्हणजे भीमेच्या काठचं, पळसदेवच्या पलीकडचं एक लहानसं गाव. धरणाचं काम १९६९ मध्ये सुरू झालं आणि १९८० मध्ये पुरं झालं. त्या मधल्या वर्षांत कधीतरी, आई सोळा-सतरा वर्षांची असताना, गाव उठलं. घरं मातीची होती, पाण्यात विरघळून गेली. पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ मात्र दगडाचं. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला ती आजीबरोबर तिथे चालत जायची. तिच्या बालपणातलं अजून उभं असलेलं असं तेवढंच एक राहिलं आहे.

माझी गोष्ट वेगळी. मी बारा वर्षं दर हिवाळ्यात भिगवणला जाते आहे, पक्षी बघायला. पहाटे पुण्याहून निघायचं, कुंभारगावला होडीत बसायचं, रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायचे, चित्रबलाक बघायचे, दुपारी भिगवणला चिलापी मासा खाऊन परत. या बारा वर्षांत आईला एकदाही नेलं नाही. तिला पक्ष्यांची आवड नाही, असं मी धरून चालले होते. घरी आल्यावर फोटो दाखवायचे. ती बघायची, “छान आहेत” म्हणायची आणि फोन परत द्यायची.

मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघी निघालो. दोन दिवसांचा बेत केला. पळसदेव, भिगवण, राशीन, रेहेकुरी, सिद्धटेक, पेडगाव आणि दौंडवरून घरी. पहाटेचा उजेड पक्ष्यांसाठी चांगला, म्हणून आधी होडी आणि मग देऊळ, असं मी सुचवलं. आई म्हणाली, “आधी देऊळ.” तिच्या आवाजात काहीतरी होतं, मी पुढे बोलले नाही.

चारला घर सोडलं. सोलापूर रस्त्याला यवत, पाटस मागे पडेपर्यंत अंधारच होता. भिगवणच्या आसपास उजाडायला लागलं तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस दिसला, हिरवागार, दाट. उणे पन्नासच्या वर्षात तो ऊस बघून पोटात कालवतं. त्याच्या पलीकडे चारा छावणीची वाट बघणारा कोरडा माळ.

महामार्गावरचं आजचं पळसदेव हे वर सरकलेलं गाव आहे. तिथून खाली नदीच्या दिशेने कच्ची वाट जाते. गाडी एका बाभळीखाली लावली आणि पुढे चालत निघालो. पायाखाली वाळलेला गाळ होता, वीतभर रुंदीच्या भेगा पडलेला. काही ठिकाणी त्यात कोणी कोणी वैरण पेरलेली होती. या पेरणीला गाळपेर म्हणतात. पाणी मागे हटलं की तेवढ्या दोन-तीन महिन्यांपुरती ही जमीन कसायची, पाणी आलं की सोडायची. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यातलेच काही जण आजही आपल्याच जुन्या शेतात अशी पाहुण्यासारखी पेरणी करतात.

मग देऊळ दिसलं. आधी शिखर, मग हळूहळू खालचा भाग. ऐंशीच्या दशकापासून हे देऊळ बहुतेक काळ पाण्याखाली आहे, आणि एखाद्या कडक उन्हाळ्यातच असं पूर्ण उघडं पडतं. खाली काळ्या दगडाचं काम आणि वर विटांचं शिखर. पाण्याने विटांचे कोपरे गोल केले आहेत, काही ठिकाणी विटा निसटून खाली पडल्या आहेत. तरी शिखरावरच्या लहान लहान शिखरांच्या रांगा अजून ओळखू येतात.

आवारात वीरगळ आहेत, लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड. मी ते बघत उभी राहिले. एक वीरगळ पाऊणएक पुरुष उंचीचा, गाळात कललेला. खालच्या चौकटीत लढाई, ढाल-तलवार घेतलेली माणसं. मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेताहेत. सगळ्यात वर तो वीर शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे चंद्र-सूर्य असेतो याची आठवण राहील. त्या चंद्रकोरीच्या खोबणीत नखाएवढा एक शिंपला चिकटून बसला होता, आतून मोत्यासारखा चमकणारा. वीराच्या जोडलेल्या हातांवर गाळाचा पातळ पापुद्रा वाळला होता आणि उन्हाने सुटत होता. मी बोट लावलं तर तो पापुद्रा निघून आला आणि खाली हाताची बोटं वेगवेगळी दिसली, कुणीतरी कधीकाळी छिन्नीने एकेक करून काढलेली.

आई तोवर पलीकडे एका सतीशिळेपाशी, सती गेलेल्या बाईच्या आठवणीच्या दगडापाशी, बसली होती. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात, एवढंच त्या दगडावर कोरलेलं. “इथे आम्ही बसायचो,” ती म्हणाली. “दर्शन झालं की आई पदरातून भाकरी काढायची. तेव्हा हा दगड इथेच होता, पण असा कललेला नव्हता.” देवळात जाऊन ती नमस्कार करून आली. “देव वर नेला गावात, नव्या देवळात. पण नमस्कार इथेच करावासा वाटतो.”

मग ती उभी राहिली, उन्हावर हात आडवा धरून पाण्याकडे बघत राहिली आणि एका दिशेला बोट दाखवलं. “आपलं गाव तिकडे.” तिकडे नुसतं पाणी होतं. त्यावरून नदी सुरय उडत होते, टोकदार पंखांचे, पिवळ्या चोचीचे. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की जी बेटं आणि मातीचे पट्टे उघडे पडतात त्यांवरच हे पक्षी अंडी घालतात. मी आईला ते सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. त्या क्षणी ते सांगणं बरोबर वाटलं नाही.

कुंभारगावला पोचेपर्यंत नऊ वाजून गेले होते. पाणी इतकं मागे गेलं होतं की होडीपर्यंत जायला अर्धा किलोमीटर चालावं लागलं. होडीवाला भोई समाजातला, चाळिशीचा. हिवाळ्यात पक्षी दाखवायचे आणि एरवी मासेमारी. आईला त्याने हात धरून होडीत बसवलं. “आज्जी, हितं मधी बसा, हलायचं न्हाई.”

रोहित होते. उन्हाळ्यामुळे हिवाळ्याइतके नव्हते, पण दीडदोनशे तरी असतील. लांबून ती एक पांढरी रेघ दिसते, जवळ गेल्यावर त्या रेघेत गुलाबी उतरते. होडीवाल्याने इंजिन बंद केलं आणि बांबूने होडी पुढे नेली. रोहित खातो तेव्हा मान खाली सोडून चोच उलटी धरतो, आणि पाय जागच्या जागी आपटत चिखल ढवळतो. चोचीच्या आत गाळणी असते. पाणी आत घ्यायचं, जिभेने बाहेर ढकलायचं, आत राहतं ते शेवाळ आणि बारीक किडे. त्या खाण्यातूनच त्यांना रंग येतो. लहान वयाचे काही पांढुरके-करडे होते, त्यांच्यात गुलाबी अजून आलेला नव्हता. इतक्या जवळून त्यांचा आवाजही ऐकू येतो, बदकांच्या जवळ जाणारा, घशातला, सतत चाललेला. बारा वर्षांनंतरही तो ऐकला की माझ्या अंगावर काटा येतो.

आई पक्ष्यांकडे बघत होती, पण तिने विचारलं ते होडीवाल्याला. “आपण आता कुठे आहोत? म्हणजे खाली काय होतं इथे?”

त्याला प्रश्न लगेच कळला. त्याचे आजोबाही धरणातून उठलेले. त्याने बांबू रोवून होडी थांबवली आणि हाताने दाखवत सांगितलं. इकडं जुना रस्ता, तिकडं विहीर, ती अजून बांधीव हाय, जाळं अडकतं तिच्यात. नदीचं पात्र लांब तिकडं, खोल. हितं सगळी रानं होती. ज्वारीची.

“म्हणजे आपण रानावरून चाललोय,” आई म्हणाली. तिने हात होडीबाहेर काढून पाण्यात बुडवला आणि तसाच ठेवला.

मला तेव्हा पहिल्यांदा उमगलं की रोहित नेमके इथे का उभे राहतात. त्यांना गुडघाभर पाणी लागतं आणि खाली सपाट तळ लागतो. डोंगरातल्या धरणाला उभे कडे असतात, पाणी काठालाच खोल, तिथे रोहित येऊन करणार काय? भीमेचं हे खोरं सपाट आहे, म्हणून उजनीचं पाणी उंच चढण्याऐवजी पसरत गेलं, मैलोन् मैल उथळ. आणि ती सपाटी म्हणजे पिढ्यान् पिढ्या नांगरलेली, बांध घातलेली, काळी रानं होती. ज्या सपाटीवर माझ्या आजोबांची ज्वारी उभी राहायची त्याच सपाटीवर हे पक्षी उभे आहेत. मी बारा वर्षं जे बघायला येत होते ते आईच्या शेताच्या तळावर चाललेलं होतं, आणि प्रत्येक फोटोत ती ते बघत होती. ‘छान आहेत’ म्हणून फोन परत देताना तिला काय वाटत असेल, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मी तिला तसं म्हटलं, होडीतच. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “पक्ष्यांचा काय दोष? त्यांना जागा मिळाली, ते आले.” आणि होडीवाल्याला विचारू लागली, हे येतात कुठून. तो उत्साहाने सांगू लागला. कच्छच्या रणात यांची घरटी असतात, मातीची, बुटकी. आणि थंडीत आलात तर पट्टकदंब दाखवतो आज्जी, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस, तिबेट-मंगोलियाकडून येतात, हिमालय ओलांडून. “हिमालयावरून?” आईने दोनदा विचारलं. होडी काठाला लागेपर्यंत तिने हात पाण्यातून काढला नाही.

दुपारी भिगवणला जेवलो. तिखट रस्सा, तळलेली चिलापी, भाकरी. चिलापी हा मासा मूळचा आफ्रिकेतला, इथे सोडलेला. आईच्या लहानपणी भीमेत तो नव्हता. तिने नदीतल्या माशांची नावं घेतली, मरळ, शिंगटा, वाम. पण चिलापी तिने आवडीने खाल्ली.

भीमा ओलांडून आम्ही नगर जिल्ह्यात शिरलो. राशीनला यमाईच्या देवळात थांबलो. तिथल्या विटांच्या दीपमाळा हलवल्या की खरोखर हलतात, वर चढून लाकडी दांडा हलवणारा माणूसही असतो. ऊन इतकं होतं की फार वेळ थांबवलं नाही. कर्जतला खोली घेऊन दोन तास आडव्या झालो आणि चार वाजता रेहेकुरीला निघालो.

देऊळगाव-रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य १९८० मध्ये झालं. क्षेत्रफळ अवघं २.१७ चौरस किलोमीटर. एवढ्या छोट्या जागेला अभयारण्य म्हणायचं का, असं वाटू शकतं. आत शिरलं की वाटत नाही. पिवळं पडलेलं गवत, मध्ये मध्ये हिवर आणि बाभळी, बोरीची झुडपं, आणि वर सगळं आभाळ. माळावर आभाळ जितकं मोठं दिसतं तितकं समुद्रावरही दिसत नाही.

आई गाडीतून उतरली आणि खाली वाकून गवत बघू लागली. “हा पवन्या. ही मारवेल, गुरं हिच्यावर तुटून पडतात. आणि ही कुसळी.” साडीच्या काठाला कुसळं भरली होती, ती एकेक करून काढत ती नावं घेत होती. मला पक्ष्यांची नावं येतात, गवतांची येत नाहीत. तिच्या गावाला असंच मोठं गायरान होतं. ते सगळ्यांचं होतं, त्यामुळे ते रिकामं आहे असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

सरकारी कागदावर मात्र असे माळ वर्षानुवर्षं ‘पडीक’ या खान्यात पडत आले. इंग्रजांच्या वेळच्या महसूल दफ्तरात ज्या जमिनीतून सारा येत नाही ती पडीक ठरली आणि तो शब्द तसाच चालत आला. पडीक म्हटलं की मग तिथे काहीतरी करायलाच हवं, असं सगळ्यांना वाटू लागतं. कारखाना काढा, सौर पट्ट्या मांडा, नाहीतर झाडं लावा. झाडं लावण्याबद्दल बोलायला मला संकोच वाटतो, कारण त्यामागचा हेतू चांगला असतो. पण खड्डे घेऊन माळावर गिरिपुष्पाच्या रांगा लावल्या की गवत मरतं, आणि काळवीट, तसंच धाविक, चंडोल या माळावरच्या पक्ष्यांचं घर मोडतं. काळविटाला लांबवर दिसायला हवं. त्याची सगळी सुरक्षितता त्याच्या डोळ्यांत आणि पायांत आहे, झाडीत नाही.

पाणवठ्याच्या अलीकडे आम्हाला कळप दिसला. वीस-बावीस माद्या आणि पाडसं, फिकट तांबूस. त्यांच्यापासून थोडा दूर, उघड्यावर, एकटा नर. पाठ काळी कुळकुळीत, पोट आणि डोळ्यांभोवतीची वर्तुळं पांढरी, शिंगांना पीळ. मी दुर्बीण आईच्या हातात दिली. तिला ती जमेना, मग मी मागून धरली आणि तिने डोळे लावले. “अगं, हा नाकाने वास घेतोय, नाकपुड्या हलतात,” ती कुजबुजली. दुसरा एक नर, अजून पुरता काळा न झालेला, कळपाच्या दिशेने येत होता. पहिल्याने मान वर केली, शिंगं पाठीवर टेकवली आणि तोऱ्यात चालत त्याच्याकडे गेला. लढाई झालीच नाही. धाकटा मागे फिरला. मग कशाने तरी सगळा कळप बिचकला आणि एकामागून एक उड्या मारत निघाला. चारही पाय एकदम जमीन सोडतात, अंग हवेत थांबल्यासारखं वाटतं, आणि पुन्हा जमिनीला पाय लागतो तो फक्त पुढच्या उडीपुरता.

काळवीट ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास धावू शकतो. इतक्या वेगाची आज इथे कुणालाच गरज नाही. ज्याच्यासाठी ती होती तो चित्ता इथून गेला. मराठी मुलुखात चित्ता नुसता रानात नव्हता, माणसांच्या घरातही होता. कोल्हापूर संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळले जात, आणि त्यांना सांभाळणारी घराणी चित्तेवान म्हणून ओळखली जात. त्या चित्त्यांना सोडायचे ते काळविटांवरच. आपल्याकडचे शेवटचे म्हणून नोंदलेले तीन चित्ते १९४७ मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानात मारले गेले. पाठलाग करणारा संपून पाऊणशे वर्षं झाली, तरी काळविटाचे पाय त्याला विसरले नाहीत.

माळढोकाचं त्याहून दुःखद आहे. माळावरचा सगळ्यात मोठा पक्षी, त्याच्या नावातच माळ आहे. त्याच्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं, पुढे ते बरंच आकसलं. आज देशात माळढोक दीडशेच्या आसपास उरले आहेत, आणि त्यातले बहुतेक राजस्थानात. आईने लहानपणी बघितला होता. “चालायचा एखाद्या मोठ्या माणसासारखा, सावकाश, मान ताठ,” ती म्हणाली. मी आजवर बघितलेला नाही.

परतताना, सूर्य टेकायला आला असताना, अभयारण्याबाहेरच्या कच्च्या रस्त्यावर मेंढरं आडवी आली. गाडी थांबवली. पुढे धनगर, मागे त्याची बायको घोडीवर बिऱ्हाड लादून. आई काच खाली करून बोलू लागली. पाणी कुठे मिळतं, कुठून आलात, वाघरं कुठे लावणार. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळं. त्या बाईने उत्तर देता देता एकदम हात वर केला आणि उजवीकडे बघत राहिली.

ओढ्याच्या काठाने एक लांडगा चालला होता. ऐंशी-नव्वद पावलांवर. मातीच्या रंगाचा, पाय लांब, अंग हडकुळं. तो पळत नव्हता. एका लयीत दुडकत होता, शेपूट खाली, डोकं खांद्यांच्या रेषेत. मेंढरांकडे त्याने एकदा बघितलं. कुत्री भुंकत सुटली तशी तो थांबला, आमच्याकडे तोंड केलं, आणि मला त्याचे डोळे दिसले, पिवळसर, शांत. मग तो ओढ्यात उतरला.

“रोजचाच हाय,” धनगर म्हणाला. “मागल्या आठवड्यात कोकरू नेलं.” त्याच्या आवाजात राग होता, नाही असं नाही. कोकरू म्हणजे त्याचे पैसे. पण त्याची बायको म्हणाली, “त्याचीबी पिल्लं असत्याली.” आणि दोघं मेंढरांना हाळी देत पुढे निघाले.

वाघासाठी आपण जीव टाकतो, टाकायलाच हवा. पण २०२२ च्या गणनेत देशात वाघ सरासरी ३,६८२ निघाले, आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजात लांडगे सुमारे ३,१००. वाघाला राखीव जंगलं आहेत. लांडगा राहतो पडीक म्हटलेल्या जमिनीवर, धनगराच्या कोकरावर, आणि त्या कोकराची भरपाई मिळवायला धनगराला किती खेटे घालावे लागतात ते त्यालाच ठाऊक. लांडगा टिकला आहे तो बराचसा या माणसांच्या सोसण्यावर, आणि त्यांचे आभार मानलेले मी कुठे ऐकलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धटेकचं दर्शन घेतलं. उजव्या सोंडेचा गणपती, अहिल्याबाई होळकरांनी बांधलेलं देऊळ, खाली भीमा. आईने प्रदक्षिणा घातली नाही. तिथे प्रदक्षिणा म्हणजे सबंध टेकडीला वळसा, आणि तिचे गुडघे आदल्या दिवशी दमले होते.

तिथून पेडगाव. ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ आपण सगळे म्हणतो, पण ते पेडगाव इथलं, श्रीगोंदा तालुक्यातलं, भीमेकाठचं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. मोगलांचा सुभेदार बहादूरखान कोकलताश याने इथे किल्ला बांधला, म्हणून बहादूरगड. आज त्याला धर्मवीरगड म्हणतात. राज्याभिषेकानंतर लगेचच शिवाजी महाराजांच्या एका लहान तुकडीने खानाच्या फौजेला हूल देऊन लांबवर पळवलं आणि मागे मोठ्या फौजेने छावणी लुटली, ती हकीकत इथली.

आणि दुसरीही हकीकत इथलीच. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरला पकडलेल्या संभाजी महाराजांना आणि कवी कलशांना औरंगजेबाच्या छावणीत आणलं, ते इथे. याच जागेवर त्यांची धिंड काढली. पुढे ११ मार्चला तुळापूरला त्यांची हत्या झाली. तुळापूरही भीमेवरच, इथून वरच्या अंगाला. किल्ल्यात फिरताना आम्ही दोघी फारसं बोललो नाही. बाभळी माजल्या आहेत, तटाचे दगड निखळले आहेत. नदीच्या अंगाला पाणी वर चढवायच्या हत्ती मोटेचं बांधकाम अजून दिसतं.

आतलं लक्ष्मीनारायणाचं देऊळ किल्ल्याहून कितीतरी जुनं, यादवकाळातलं. बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरी, पट्ट्या, कोपऱ्यांवर कोपरे. आई एका मूर्तीसमोर थांबली. मूर्तीचा चेहरा झिजला होता, पण हातातल्या बांगड्या स्पष्ट होत्या. तिने पळसदेवच्या दगडावर ठेवला होता तसाच हात तिथे ठेवला. वर छताच्या सांदीत पिंगळ्यांची जोडी होती. गोल पिवळे डोळे करून, मान खालीवर करत आम्हाला निरखत होती. मी दाखवायच्या आधीच आईने मला खूण केली आणि ओठांवर बोट ठेवलं.

दौंडच्या रस्त्याला लागल्यावर ती म्हणाली, “ही सगळी एकच नदी ना गं? तुळापूर, पेडगाव, सिद्धटेक, आपलं गाव, आणि खाली पंढरपूर.” मी हो म्हटलं. बाकीचा रस्ता ती झोपली.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. जुलैअखेर भीमेला पाणी आलं, आणि ऑगस्टमध्ये एका सकाळी आईने स्वयंपाकघरातून मला हाक मारली. पेपर तिच्या हातात होता, बोट त्या चौकटीवर.

“शंभर टक्के झाली.”

मी चहाचा कप घेऊन तिच्याजवळ बसले. ती थोडा वेळ आकड्याकडे बघत होती. शिखरही बुडालं असेल, मी मनात म्हटलं, वीरगळ, चंद्रकोरीतला तो शिंपला, सतीशिळा. होडीवाला म्हणाला होता ती विहीर.

“थंडीत जाऊ,” आई म्हणाली. “ते हिमालयावरून येणारे राहिलेत बघायचे.”